गाडीच्या गिअरची खडखड : आधी निदान, मग खर्च



सुताचा भाव, कापडाची मागणी, उधारीची वसुली या विषयांवर आपण रोज बोलतो. पण ज्या गाडीत बसून आपण वसुलीला जातो, नमुने घेऊन मुंबई गाठतो, त्या गाडीविषयी आपल्याला फारच थोडी माहिती असते. गाडी आवाज करू लागली की चावी गॅरेजवाल्याच्या हाती द्यायची आणि संध्याकाळी तो सांगेल ती रक्कम मोजायची, असा आपला रिवाज. मीटरमागे पन्नास पैशांसाठी तासभर घासाघीस करणारा माणूस गॅरेजमध्ये एक प्रश्नसुद्धा विचारीत नाही.

मीही असाच होतो. त्याची किंमत मी मोजली आहे. ती दुसऱ्या कोणाला मोजावी लागू नये म्हणून आज गाडीच्या एका साध्या दुखण्याविषयी लिहीत आहे. ते दुखणे म्हणजे गिअरच्या दांड्याची खडखड.

तीन चुका आणि एक घाट

२००८ सालची गोष्ट. माझ्याकडे जुनी मारुती ८०० होती. १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेल्या आणि २०१४ साली बनणे बंद झालेल्या या गाडीने आपल्यासारख्या कितीतरी छोट्या व्यापाऱ्यांचा धंदा वाहिला आहे. माझ्या गाडीचा गिअरचा दांडा सिग्नलवर उभे असताना खडखडू लागला. दांड्यावर हात ठेवला की आवाज बंद, हात काढला की पुन्हा सुरू.

पहिली चूक मी स्वतः केली. कापडवाल्याकडे चिंध्यांना काय तोटा? दांड्याच्या मुळाशी, रबराच्या आवरणाखाली, मी एक चिंधी कोंबून दिली. दोन दिवस शांतता राहिली. मग चिंधी खाली सरकली आणि करपल्याचा वास येऊ लागला. त्या जागेखालूनच सायलेन्सरचा तापलेला पाईप जातो, हे मला ठाऊक नव्हते. आग लागली नाही हे नशीब.

दुसरी चूक म्हणजे मी एका गॅरेजात गेलो आणि काही न विचारता गाडी सोडून आलो. त्यांनी गिअरबॉक्स खाली उतरवला, उघडला आणि साडेचार हजारांचे बिल दिले. आठ-दहा दिवस आवाज आला नाही. मग पुन्हा तीच खडखड.

तिसरी चूक सर्वांत मोठी. मी कंटाळलो आणि टेपचा आवाज वाढवून गाडी चालवू लागलो.

एके सकाळी मालेगावहून मूलजी जेठा मार्केटला नमुने घेऊन निघालो होतो. इगतपुरी मागे टाकून कसारा घाट उतरू लागलो. एका वळणाआधी तिसऱ्यातून दुसऱ्या गिअरमध्ये येण्यासाठी दांडा ओढला, तर तो पातळ खिरीतल्या डावासारखा कुठेही फिरू लागला. एकही गिअर पडेना. उतार समोर, मागे ट्रकांची रांग आणि गाडी न्यूट्रलमध्ये. इंजिनाची ओढ नाही, सगळा भार ब्रेकवर. पुढे थोडी रुंद जागा होती. तिथे हळूहळू गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला आणि उतरून चाकापुढे दगड लावला. त्यानंतर पाच मिनिटे माझे हात कापत होते.

एका ट्रकवाल्याने थांबून गाडीखाली डोकावले. तो म्हणाला, "सेठ, वरचा दांडा हलतोय, पण खालची सळई हलत नाही. जोडाचा बोल्टच पडून गेलाय." त्याने आपल्या पेटीतला एक बोल्ट बसवला, वरून तार बांधली आणि पैसे घ्यायला तयार झाला नाही. मी बाजारात पोहोचलो तेव्हा दुपार उलटली होती. माझ्या पार्टीने माल दुसरीकडून उचलला होता.

परतल्यावर मोहल्ल्यातल्या एका वृद्ध उस्तादांकडे गेलो. त्यांनी दहा मिनिटांत सारा उलगडा केला. गिअरबॉक्सला काहीच झाले नव्हते. दांडा आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या सळईचा बुश झिजला होता. गिअरबॉक्स उतरवण्यासाठी गॅरेजवाल्यांना तो जोड सोडावाच लागला. परत बसवताना त्यांनी झिजलेला बुश तसाच ठेवला आणि नट जोरात आवळला, म्हणून आठ दिवस आवाज दबला. लॉकनटऐवजी साधा नट लावला होता. तो धक्क्यांनी सैल होत गेला आणि घाटात बोल्टसह निसटला. नवा बुश दोनशे रुपयांच्या आत आला.

उस्ताद मला म्हणाले, "बेटा, लूमचा जॉबर काय करतो? लूम खडखडली की लगेच पाना चालवतो का? आधी ऐकतो, मग हात लावतो, मग पाहतो आणि सगळ्यात शेवटी खोलतो. गाडीचा कायदा वेगळा नाही."

चाचांचा हा चार पायऱ्यांचा कायदा मी तेव्हापासून पाळत आलो. तोच आज आपल्यापुढे मांडतो.

दांडा काम कसे करतो

आपल्या गाड्यांत साधारण तीन प्रकार आढळतात.

पहिला प्रकार जुन्या जीपसारख्या गाड्यांचा. यात दांडा थेट गिअरबॉक्सच्या डोक्यावर बसलेला असतो. दांड्याला खालच्या बाजूस एक गोळा असतो. तो वाटीत बसतो आणि स्प्रिंग त्याला दाबून धरते.

दुसरा प्रकार मारुती ८०० चा. यात इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही बोनेटखाली आडवे बसवलेले असतात आणि दांडा असतो दोन सीटांच्या मध्ये. म्हणून दोन सळया गाडीच्या पोटाखालून पुढे जातात. एक सळई हुकूम पोहोचवते. दांडा पुढे-मागे केला की ती सरकते, डावी-उजवीकडे केला की फिरते. दुसरी सळई दांड्याच्या बैठकीला इंजिनाशी बांधून ठेवते, म्हणजे इंजिन हलले तरी दांडा आणि गिअरबॉक्स यांच्यातले अंतर बदलत नाही. या सळयांच्या जोडांत प्लास्टिकचे किंवा रबराचे बुश असतात आणि मागच्या बाजूला बॉडीला बांधणारे रबराचे माउंटिंग असते.

तिसरा प्रकार अलीकडच्या पुष्कळ गाड्यांचा. यात सळयांच्या जागी दोन केबल असतात. एक केबल पुढच्या-मागच्या हालचालीसाठी आणि दुसरी आडव्या हालचालीसाठी.

तिन्ही प्रकारांत तत्त्व एकच आहे. लोखंड लोखंडाला थेट लागू नये म्हणून मध्ये मऊ वस्तू ठेवलेली असते. तिचे काम झिजण्याचे आहे. ती झिजून स्वस्तात मरते, म्हणून महाग लोखंड जगते. धूळ, चिखल, पाणी आणि सायलेन्सरची धग यांनी रबर कडक होते, तडकते, प्लास्टिक झिजते. मग जोडात फट पडते आणि इंजिनाच्या प्रत्येक थरथरीबरोबर सळई त्या फटीत आपटते. हीच आपली खडखड. मारुती ८०० चे इंजिन तीन सिलिंडरचे. उभ्या गाडीत ते थोडे जास्तच थरथरते, म्हणून तिथे हा आवाज सिग्नलवर आधी ऐकू येतो.

पहिली पायरी : ऐका

आवाज केव्हा येतो हे चार दिवस नीट लक्षात घ्या, हवे तर कागदावर लिहा. गॅरेजात "कधी कधी येतो" असे सांगून काही उपयोग होत नाही.

१) गाडी उभी, इंजिन चालू, गिअर न्यूट्रलमध्ये असताना दांडा खडखडतो का? तसे असेल तर दांड्याचा किंवा सळईचा जोड संशयित. मात्र इंजिनच अडखळत चालत असेल, प्लग खराब असेल किंवा उभ्या गाडीतला वेग फार कमी ठेवलेला असेल, तरीही दांडा थरथरतो. तेव्हा आधी इंजिन नीट करा.

२) एका ठराविक वेगालाच दांडा झणझणतो आणि वेग बदलला की थांबतो का? स्प्रिंग ढिली असल्याची किंवा एखादा बुश संपत आल्याची ही बहुधा खूण असते.

३) फक्त खड्ड्यांत आवाज येतो का? मग गिअरला दोष देण्याआधी दांड्याभोवतीचे प्लास्टिक, त्याचे स्क्रू, कप्प्यात पडलेली नाणी आणि खालून जाणारा सायलेन्सरचा पाईप तपासा.

४) क्लच सोडून गाडी पुढे घेताना दांडा जोरात उडतो का? तसे असेल तर इंजिनाचे माउंटिंग तुटलेले असू शकते. बाकी सगळे नवे घातले तरी तोवर खडखड जाणार नाही.

आता क्लचची परीक्षा. गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून क्लच पूर्ण दाबा. दांड्यातून नव्हे तर पुढून येणारा घरघराट क्लच दाबताच थांबला, तर आवाज गिअरबॉक्सच्या आतला आहे. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू झाला, तर क्लचच्या बेअरिंगकडे बोट जाते. आणि क्लच दाबा वा सोडा, पण दांड्यावर हात ठेवताच आवाज बंद होतो, तर दोष बाहेरच्या जोडांत असण्याचीच शक्यता जास्त. माझ्या गाडीने पहिल्या दिवसापासून मला हेच सांगितले होते. मी ऐकले नाही.

दुसरी पायरी : हात लावा

इंजिन बंद करा. गाडी सपाट जमिनीवर असावी, हँडब्रेक ओढलेला असावा. सर्वांत आधी दांड्यावरची मूठ फिरवून पहा. कित्येकदा मूठच आट्यांवर सैल झालेली असते आणि आपण गिअरबॉक्सच्या खर्चाची चिंता करीत बसतो.

मग एकेक गिअर टाकून दांडा बोटांनी हलवा. थोडी मोकळीक प्रत्येक गाडीत असते. पण गिअरमध्ये असतानाही दांडा डावी-उजवीकडे भरपूर डुलत असेल आणि टक् टक् वाजत असेल, तर बुश झिजला आहे. दांडा वर उचलून पहा. तो बैठकीतून उचलला जात असेल, तर गोळ्याची वाटी किंवा स्प्रिंग गेली आहे.

हात लावण्याबद्दल एक इशारा. आवाज बंद होतो म्हणून गाडी चालवताना दांड्यावर कायम हात टेकून बसू नका. हाताचा भार आत गिअर सरकवणाऱ्या काट्यापर्यंत पोहोचतो आणि तो काटा फिरत्या भागावर घासत राहतो. बाहेरचे शंभर-दोनशे वाचवण्याच्या नादात आतला खरा खर्च आपण ओढवून घेतो.

तिसरी पायरी : पहा

या पायरीला दोन माणसे लागतात. गाडी खड्ड्यावर किंवा रॅम्पवर घ्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, कितीही घाई असली तरी, जाऊ नये. खाली भक्कम स्टँड लावा आणि चाकांना अडण द्या. सायलेन्सर थंड झालेला असावा आणि चावी खाली जाणाऱ्याच्या खिशात असावी.

एकाने वर बसून दांडा हळूहळू हलवावा. दुसऱ्याने खाली दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत प्रत्येक जोडावर बोट ठेवीत जावे. ज्या जोडात अलीकडचा भाग हलतो पण पलीकडचा उशिरा हलतो, तिथे फट आहे. कापडातली तुटलेली तार शोधताना आपण बोट फिरवत जातो आणि जिथे ते अडते तिथे थांबतो, तसेच हे काम आहे.

तिथेच नट-बोल्टही पहा. ढिला नट हाताला लागतो. सळई कुठे घासून चकाकत असेल, तर ती सायलेन्सरला किंवा बॉडीला लागते आहे. केबलच्या गाडीत केबलच्या दोन्ही टोकांचे प्लास्टिकचे बुश आणि केबल धरून ठेवणाऱ्या क्लिपा पहाव्यात. टोकाचा बुश फुटला की केबल आपल्या खिळ्यावरून निसटते आणि माझ्यासारखीच गत होते.

चौथी पायरी : आता खोला

दोष सापडला असेल तरच पाना हातात घ्या.

सळईचा बुश झिजला असेल तर त्याच गाडीचा, त्याच मॉडेलचा बुश घ्या. जुना बरोबर नेऊन दुकानात ताडून पहा. एका जोडाचा बुश गेला असेल तर बाकीचेही बहुधा त्याच वयाचे असतात. गाडी वर घेतलीच आहे तर सगळे एकदम बदलावेत, मजुरी एकदाच लागते. बोल्टही झिजून मध्ये बारीक झाला असेल तर बदलावा, नाहीतर नवा बुश लवकरच खाल्ला जाईल.

जोड साफ पुसून घ्या. धातू आणि प्लास्टिकच्या जोडात थोडे ग्रीस चालते. रबराच्या बुशाला मात्र साधे ग्रीस, ऑईल किंवा पेट्रोल लावू नका, त्याने रबर फुगते आणि मऊ पडते. तिथे सिलिकॉन ग्रीस वापरावे. नट लॉकिंगचाच लावा आणि जुना लॉकनट पुन्हा वापरू नका.

नट किती आवळावा? फट राहू नये, पण जोड मोकळा फिरावा, इतकाच. आवाज दाबण्यासाठी जोर लावून आवळला तर गिअर जड पडतात आणि बुश चिरडतो. माझ्या गाडीत हेच झाले होते. चिंधी, सायकलची ट्यूब, तार हे घरगुती इलाज वाटेत अडकल्यावर घरापर्यंत येण्यापुरते. रोजच्यासाठी नव्हेत.

जीपसारख्या गाडीत दांड्याचे झाकण उघडताना गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा. दांडा बाहेर काढताच त्या भोकावर स्वच्छ, धागे न सुटणारे कापड घाला. एक वॉशर जरी आत पडला तरी गिअरबॉक्स खरोखरच उतरवावा लागेल. झिजलेली वाटी आणि थकलेली स्प्रिंग बदलली की या गाड्यांची खडखड बहुतेक वेळा जाते.

काम झाल्यावर इंजिन बंद ठेवून सगळे गिअर, रिव्हर्ससुद्धा, टाकून पहा. मग मोकळ्या सपाट रस्त्यावर हळू चालवून पहा. चार-आठ दिवसांनी नट पुन्हा तपासून घ्या.

गिअरबॉक्स खरेच केव्हा खोलावा

प्रत्येक खडखड स्वस्त असते असे मी म्हणत नाही. तसे समजणे हीसुद्धा चूकच ठरेल. गिअर टाकताना दात घासल्याचा आवाज येणे, एका ठराविक गिअरमध्येच घरघर होणे, गिअरबॉक्समधून तेल गळणे, काढलेल्या तेलात लोखंडाचे कण दिसणे, ही आतल्या बिघाडाची लक्षणे आहेत. चालत्या गाडीत गिअर आपोआप निसटत असेल तर दोष आत असू शकतो किंवा बुश आणि माउंटिंगमध्येही. म्हणून तिथेसुद्धा आधी बाहेरचे तपासावे. बाहेर सर्व ठीक असेल तर मात्र चालढकल करू नये.

गॅरेजात विचारायचे तीन प्रश्न

पहिला प्रश्न, "दोष कुठे आहे ते मला हलवून दाखवाल का?" दुसरा, "हाच दोष आहे, दुसरा नाही, हे कशावरून?" आणि तिसरा, "काढलेला जुना भाग मला परत द्याल का?" हे प्रश्न अदबीने विचारावेत, आरोप म्हणून नव्हे. चांगला कारागीर त्याने नाराज होत नाही, उलट खूश होतो. जो चिडतो त्याच्याकडे गाडी ठेवायची की नाही, हे आपले आपण ठरवावे.

आणि दोन शब्द माझ्या गॅरेजवाल्या बंधूंसाठी. ज्या उस्तादांनी माझा दोनशेचा बुश बदलला, त्यांनी मजुरीही तशीच किरकोळ घेतली. साडेचार हजार घेणाऱ्या गॅरेजला त्या दिवशी त्यांच्यापेक्षा जास्त फायदा झाला, हे खरे. पण त्यानंतर माझी प्रत्येक गाडी, माझ्या भावांच्या गाड्या आणि आमच्या कापडाचा टेम्पो चाचांच्या दारात गेला. आज त्यांचा मुलगा तिथे बसतो आणि आमचा रस्ता बदललेला नाही. गिऱ्हाईकाला गाडीखाली वाकवून फट दाखवायला दोन मिनिटे लागतात. त्या दोन मिनिटांत जो भरवसा बसतो तो वर्षानुवर्षे टिकतो.

व्यापारी बंधूंना एवढेच सांगणे आहे की आवाजाला दडपू नका आणि त्याला घाबरूनही जाऊ नका. आधी ऐका, मग हात लावा, मग पहा, मग खोला. माझी गेलेली ऑर्डर परत आली नाही. पण घाटातल्या त्या वळणावर माझ्यामागे ट्रक होते आणि मी गाडी बाजूला घेऊ शकलो, याची आठवण मला आजही होते. आज दुकान बंद केल्यावर गाडीत बसाल तेव्हा टेप बंद ठेवा आणि दोन मिनिटे गाडी काय म्हणते ते ऐका.